जस्ताच्या माळावरची फुले

आपल्या घरचा पितळी तांब्या म्हणजे तांबे आणि जस्त यांचा संसार. युरोपातल्या अशाच जस्ताच्या एका जुन्या खाणीची, आणि तिच्या माळावरच्या रानफुलांची ही हकीगत.

बेल्जियमच्या पूर्व सीमेवर, जर्मनीतल्या आखेन शहराजवळ, केल्मिस नावाचे गाव आहे. तिथे मध्ययुगापासून जस्ताचे खनिज काढीत. नेपोलियनच्या पाडावानंतर ही खाण कोणाची, यावरून प्रशिया आणि नेदरलँड्स यांच्यात तंटा पडला. तो काही मिटेना. तेव्हा १८१६ साली खाणीभोवतीचा चिमुकला मुलूख सामाईक ठेवला गेला. १९२० साली तो बेल्जियमला मिळाला. खाण मात्र १८८० च्या दशकातच रिकामी झाली होती. मागे उरली जस्ताने भरलेली माती.

अशा मातीत पुष्कळ झाडाझुडपांचा निभाव लागत नाही. पण इथे पिवळी व्हायोलेट फुलत होती, आणि मोहरीच्या कुळातले पांढऱ्या फुलांचे एक ठेंगणे रोपही. १८८५ साली बाउमान या जर्मन संशोधकाने त्या रोपाची वाळलेली पाने तपासली, तो काय! शंभर भागांत एका भागाहून जास्त जस्त! साधारण झाडांच्या पानांत याचा शंभरावा हिस्सा निघाला तरी पुष्कळ.

हे साधते कसे? मुळे जस्त ओढून घेतात, रसाबरोबर वर पाठवतात. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत ते साठते; कोठीत घालून कुलूप लावावे तसे. व्हायोलेटची तऱ्हा निराळी. ती जस्त वर फारसे चढूच देत नाही.

मग अशी रोपे लावून जमीन स्वच्छ का करू नये? अमेरिकेतले रूफस चेनी यांनी १९८३ साली हाच विचार मांडला. पण घाई उपयोगाची नाही. रोप लहान, पाला थोडा. कामाला वर्षानुवर्षे लागायची. शिवाय धातू नाहीसा होत नाही, तो फक्त मातीतून पानात येतो. पाला कापून नीट हलवला नाही, तर तो पुन्हा मातीत जातो, नाहीतर चरणाऱ्या गुराच्या पोटात.

तेव्हा जुन्या खाणीवर हिरवळ दिसली, की जमीन बरी झाली असे समजू नका. ती हिरवळ कोणती, आणि तिच्या पानांत काय आहे, हे आधी विचारा. मग गुरे सोडा.