बिऱ्हाड आज्ञावलीचे
संगणकाची मुक्त आज्ञावली कोणालाही वाचता-बदलता येते. पण ती ठेवायची कोठे? २००६ साली गूगलने ‘गूगल कोड’ हे फुकट कोठार उघडले. स्वतःचा संगणक सांभाळण्याचा व्याप टळला, म्हणून असंख्य प्रकल्प तेथे गेले. जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले; चालू प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावे लागले.

तेथील सुरुवातीच्या सबव्हर्जन पद्धतीत बदलांचा इतिहास मुख्य संगणकावरच असे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली रचलेल्या गिटमध्ये तो प्रत्येक प्रतीसोबत येतो. त्यामुळे हलणे सोपे. मात्र दोषांच्या नोंदी व चर्चा यजमानाकडेच राहतात. लिनक्सचा गाभा आजही स्वतःच्या कोठारात आहे.

भाड्याच्या घराला हरकत नाही. पण निघताना सामान नेता येईल ना, हे आधीच विचारावे.