वरून दिसलेला पवन मावळ

मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने आधी विसापूर घेतला. तो पडल्याचं कळताच शेजारच्या लोहगडावरची शिबंदी गड सोडून गेली. एवढा बुलंद गड लढाईशिवाय कसा गेला? विसापूर उंच आहे, तिथून तोफांचा मारा थेट लोहगडावर होतो, हे पुस्तकात वाचलं होतं. नीट कळलं ते गेल्या डिसेंबरात, कामशेतजवळच्या टेकडीवरून पॅराग्लायडिंग करताना. दोन्ही गडांचे माथे शेजारी शेजारी दिसले आणि लोहगड बिचारा खाली.

हा खेळ तसा तरुण आहे. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मिउसी गावाजवळ तीन पॅराशूटवाल्यांनी, विमानाचा खर्च नको म्हणून, डोंगरउतारावरून पळत जाऊन उडी घेतली. तिथून तो सुरू झाला असं मानतात. आपण शिकलेलो नसलो तर टँडम, म्हणजे पुढे आपण आणि मागे पायलट. सूचना एकच: पळत राहायचं, मध्येच बसायचं नाही. समोरचा वारा उताराला आपटून वर चढतो आणि त्याच वाऱ्यावर डोंगराच्या कडेने येरझाऱ्या घालायच्या. दहा-बारा मिनिटांचा कारभार. (राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. जाणार असाल तर नोंदणी आहे का आणि राखीव पॅराशूट आहे का, हे आधी विचारा. लाजू नका.)

वर गेल्यावर सगळे मोबाईल काढतात ते पवनेच्या पाण्यासाठी. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर आणि मधोमध ते निळं पाणी. फोटो सुंदरच येतो. पण १९७२ साली पूर्ण झालेलं ते धरण आहे. त्याखाली भाताची खाचरं होती, गावं होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं. मी गेलो तेव्हा जलाशय भरलेला होता, देऊळ दिसलं नाही.

उतरलो ते कापणी झालेल्या खाचरात. तिथे एक आजोबा पेंढा रचत होते. "बाबा, शेत तुमचं का?" विचारलं, तर म्हणाले, "हे भावकीचं. आमचं तिकडं पाण्यात." पुढे काही बोलले नाहीत, पेंढा रचत राहिले. त्या धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही.

आणि कामशेतच्या अलीकडेच बऊर आहे. ९ ऑगस्ट २०११. धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद पाइपातून पाणी नेण्याची योजना होती. पाइपात जमिनी जातील आणि नदीत पाणी उरणार नाही, या भीतीने शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. हा रस्ता २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, तोही मावळच्याच जमिनीवरून. आपण शंभरच्या वेगाने बोगद्यात शिरतो, बऊर कधी मागे पडलं ते कळतही नाही.

माझ्या मते मावळचा खरा इतिहास गडांइतकाच या दोन गोष्टींत आहे, धरणात आणि रस्त्यात. पण आपल्या इतिहासाच्या पोस्टी १८१८ लाच थांबतात. आता उतारांवर तारकुंपणं आणि बंगल्यांचे प्लॉट चढताहेत. उडायला आणि उतरायला लागते ती मोकळी जागा, ती कुणाच्या तरी शेताची किंवा गायरानाची असते. एका उड्डाणाचे हजारो रुपये मोजताना त्यातले उतरण्याच्या खाचराला किती मिळतात, हे मी त्या दिवशी तिथल्या पोरांना विचारलं. ती हसली फक्त.

पवनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर गावाचं नाव आणि घरच्यांकडून ऐकलेलं काही असेल तर खाली जरूर लिहा.