मुखकवच व खेळाडूंच्या इजा : ऑस्ट्रेलियन फुटबॉल

मुखकवच, ज्यास खेळाडू व दंतवैद्य सरसहा माउथगार्ड म्हणतात, ते वरच्या दंतपंक्तीवर बसविण्याचे लवचीक आच्छादन होय. ऑस्ट्रेलियन फुटबॉल या अत्यंत वेगवान आणि अंगचटीच्या खेळात दात, ओठ व जबडा यांच्या रक्षणार्थ ते वापरले जाते. या खेळातील इजांचा विचार मुखकवचापासून सुरू करण्याची रीत असली, तरी खेळाडूच्या शरीराचे रक्षण साधनांपेक्षा कायदेकानूंनीच अधिक केले आहे, असे या खेळाचा इतिहास पाहणाऱ्यास कबूल करावे लागते.

खेळाचे स्वरूप ध्यानी घेतल्याखेरीज इजांचे स्वरूप कळत नाही. प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, बहुधा क्रिकेटचेच असलेले लंबवर्तुळाकार मैदान, त्याची लांबी १३५ ते १८५ मीटर, आणि वीस-वीस मिनिटांचे चार डाव, ज्यांत खोळंब्याचा वेळ वेगळा धरला जातो. अंडाकृती चेंडू लाथेने किंवा मुठीने पुढे धाडला जातो आणि दूरवरून आलेला चेंडू हवेत झेलणाऱ्यास निर्वेध लाथ मारण्याची मुभा मिळते. या झेलासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उसळी घेणे हे प्रेक्षकांच्या दृष्टीने खेळाचे परमवैभव, आणि वैद्याच्या दृष्टीने त्याच्या चिंतेचे मूळ होय. त्यातच या खेळात ऑफसाइडचा नियम नाही. रग्बीमध्ये प्रतिस्पर्धी बहुधा समोरूनच येतो, येथे मात्र तो पाठीमागून, बाजूने, किंबहुना वरूनही येतो, आणि चेंडूवर दृष्टी खिळलेल्या खेळाडूस येणाऱ्या आघाताची वार्ताही नसते. अंगावर बिनबाह्यांचा सदरा व आखूड चड्डी यांपलीकडे संरक्षक असे फारसे काही नसते.

हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉल मंडळी स्थापावी, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली वृत्तपत्रातील पत्राद्वारे केली. पुढील वर्षाच्या मे महिन्यात मेलबर्न येथे त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी दहा नियम मुकर्रर केले. त्यांत धावत्या खेळाडूस पाय घालून पाडण्याची व ढकलण्याची परवानगी होती; परंतु प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारण्याची जी रीत इंग्लंडमधील काही विद्यालयांत पौरुषाचे लक्षण समजली जात असे, तिला साफ मनाई होती. म्हणजे इजा टाळण्याची तजवीज या खेळाच्या पहिल्याच कागदावर दाखल झालेली दिसते. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची पहिली स्पर्धा १८९७ साली झाली; तीच संस्था १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) या नावाने ओळखली जाते.

एएफएलमधील इजांची पद्धतशीर नोंद १९९२ पासून ठेवली जात असून तिच्या जडणघडणीत जॉन ऑर्चर्ड व ह्यू सेवर्ड या वैद्यांचा वाटा मोठा आहे. ज्या इजेमुळे खेळाडूस किमान एका सामन्यास मुकावे लागते तीच इजा, अशी व्याख्या या दप्तरात स्वीकारलेली आहे. या मोजणीत मांडीच्या मागील स्नायूंचा ताण, म्हणजे हॅमस्ट्रिंगची इजा, वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिली असून दर हंगामात प्रत्येक क्लबास सरासरीने सुमारे सहा खेळाडूंच्या बाबतीत तिचा फटका बसतो. त्याखालोखाल गुडघ्याच्या पुढील क्रूसबंधाचे, म्हणजे एसीएल या अस्थिबंधाचे, तुटणे हे अधिक भयावह, कारण त्यात सबंध वर्ष जाते. २०१७ साली सुरू झालेल्या स्त्रियांच्या स्पर्धेत त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आढळले आहे. मात्र ही व्याख्या जितकी सोयीची तितकीच अपुरी आहे. समोरचा दात तुटलेला गडी पुढच्या शनिवारी मैदानात हजर होतो, आणि त्याची इजा अधिकृत दप्तरात उमटतच नाही. दातांच्या दुखापती या खेळात विरळ आहेत असा समज या दप्तरावरून कोणी करून घेतला, तर तो दोष दप्तराचा नव्हे, वाचणाऱ्याचा होय.

नियमाने इजा कशी घटते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण गुडघ्याचेच आहे. डावाच्या आरंभी पंच चेंडू उंच उडवतो आणि दोन्ही बाजूंचे उंच खेळाडू त्यावर झेपावतात. ही झेप लांबून धावत येऊन घेतली जात असे तेव्हा परस्परांचे गुडघे आदळून मागील क्रूसबंध फाटत. २००५ च्या हंगामापासून या खेळाडूंची धाव दहा मीटर व्यासाच्या वर्तुळापुरती मर्यादित करण्यात आली, आणि ती विशिष्ट इजा झपाट्याने उतरणीस लागली. येथे कोणतेही यंत्र, पट्टा किंवा कवच कामी आले नाही. चुन्याची एक रेघ कामी आली.

मुखकवचाचा उगम मुष्टियुद्धात आहे. वुल्फ क्राउझ या लंडनच्या दंतवैद्याने १८९० च्या सुमारास मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गटापर्चा या रबरासदृश चिकाच्या पट्ट्या बसविल्या, आणि तेथून हे साधन क्रमाक्रमाने इतर खेळांत शिरले. आजचे कवच बहुधा एथिलीन व्हिनिल ॲसिटेट या लवचीक प्लॅस्टिकचे असते. बाजारात तयार मिळणारे कवच सैल असल्याने दात आवळूनच धरावे लागते व ते जवळपास निरुपयोगी ठरते. गरम पाण्यात मऊ करून दातांखाली चावून आकार देण्याचे कवच स्वस्त पडते, पण चावताना नेमके पुढच्या दातांवर ते पातळ होते. उत्तम ते दंतवैद्याकडून करवून घेतलेले. तो दातांचा ठसा घेतो, ठशावरून प्लॅस्टरची प्रतिकृती घडवतो आणि तापविलेला प्लॅस्टिकचा पत्रा दाबाखाली तीवर बसवितो, त्यामुळे जाडी सर्वत्र राखता येते. असे कवच आघाताचा जोर अनेक दातांवर विभागते, ओठ व दात यांच्यामध्ये उशीसारखे राहते आणि दोन्ही जबडे एकमेकांवर आदळू देत नाही. वाढत्या वयाच्या मुलांचे दात बदलत असल्याने त्यांचे कवच वारंवार नवे करावे लागते, आणि पालकांच्या खिशाला त्याची झळ लागते. आघाताने समूळ निखळलेला कायमचा दात मुळाला स्पर्श न करता शिखराकडून धरावा, शक्य असल्यास तत्काळ जागी बसवावा, नाही तर दुधात ठेवून दंतवैद्य गाठावा. यात अर्ध्या तासाचा विलंबही महाग पडतो.

या साधनाच्या उपयुक्ततेचा सर्वांत भरवशाचा पुरावा याच खेळातून मिळालेला आहे. संशोधिका कॅरोलाइन फिंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक पातळीवरील २३ संघांतील ३०१ खेळाडूंवर केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकल्यागत संघांची दोन गटांत वाटणी करून एका गटास दंतवैद्यकीय पद्धतीची कवचे देण्यात आली आणि दुसऱ्यास आपली नेहमीची वहिवाट चालू ठेवण्यास सांगण्यात आले. पहिल्या गटात डोके, चेहरा व तोंड यांच्या इजांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी कमी भरले. मात्र संख्याशास्त्राच्या हिशेबाने ही घट ३ टक्के इतकी किरकोळ किंवा ६८ टक्के इतकी भरघोसही असू शकते, हे ध्यानी ठेवणे इष्ट. शिवाय दुसरा गट अगदीच निःशस्त्र नव्हता. त्यांतील खेळाडूंना आपापली कवचे वापरण्याची मुभा होतीच. त्यामुळे ही तुलना कवच असणे व नसणे यांची नसून, चांगले कवच व सवयीचे कवच यांची होय.

एएफएलने मुखकवचाची सक्ती केलेली नाही, शिफारस मात्र केली आहे. मुलांच्या खेळात ‘माउथगार्ड नाही तर खेळ नाही’ असा दंडक अनेक क्लबांनी स्वतःहून घालून घेतला आहे. सरावाच्या वेळी कवच खिशात राहते ही तक्रार जुनी आहे. श्वास अडखळतो, बोलणे बोबडे होते, आणि ज्या खेळात सोबत्यास ओरडून सावध करणे हाच अर्धा बचाव, तेथे हे कारण निव्वळ सबब म्हणून उडवून लावता येत नाही.

जबड्यावरील आघात पुष्कळदा खेळातून नव्हे, रागातून होतो. १९८५ साली हॉथॉर्नचा कर्णधार ली मॅथ्यूज याने चेंडूपासून दूर असलेल्या जिलाँगच्या नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला. लीगने त्याची नोंदणी चार आठवडे तहकूब केली, प्रकरण पोलिसांत गेले, न्यायालयात दंड झाला आणि अपिलात दोषसिद्धी रद्द झाली. २०१८ साली वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने फ्रीमँटलच्या अवघ्या अठरा वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉला ठोसा लगावला. जबडा मोडला, दात जागचे हलले, त्याचा हंगाम तेथेच संपला, आणि गॅफला आठ सामन्यांची बंदी झाली.

दातांचे रक्षण करणारे कवच मेंदूचेही रक्षण करते, ही समजूत मात्र साधनाच्या पात्रतेपलीकडची आहे. मेंदूला बसणारा धक्का कवटीच्या आत त्याच्या हिंदकळण्याने बसतो. मऊ शिरस्त्राणदेखील तो थोपवीत नाही. अँड्र्यू ब्रेशॉचा थोरला भाऊ अँगस ब्रेशॉ हा मेलबर्नचा खेळाडू असे शिरस्त्राण घालूनच खेळे. सप्टेंबर २०२३ मध्ये कॉलिंगवुडचा ब्रेडन मेनार्ड चेंडू अडविण्यासाठी उडी घेऊन त्याच्या डोक्यावर आदळला. लवादाने मेनार्डला निर्दोष ठरविले, अँगस पुन्हा खेळू शकला नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने निवृत्ती जाहीर केली. त्यानंतर लीगने अशा उडीसंबंधीची नियमावली कडक केली. एकाच घरातील या दोन प्रकरणांतून दोन्ही इजांमधला भेद जितका उघड होतो, तितका पाठ्यपुस्तकातून क्वचितच व्हावा.

वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी जडणारी चिरकारी अभिघातजन्य मस्तिष्कविकृती, अर्थात सीटीई, ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर या थोर खेळाडूच्या मेंदूत मरणोत्तर आढळल्याचे २०२० साली जाहीर झाले. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील हे पहिले निदान होते. पाठोपाठ डॅनी फ्रॉली व शेन टक यांच्याबाबत आणि २०२३ साली हेदर अँडरसन या स्त्री खेळाडूबाबतही तेच निष्पन्न झाले. टकच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या व्हिक्टोरियाच्या कॉरोनरने, अंगचटीच्या सरावावर मर्यादा घालावी, अशी शिफारस केली. मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूने पुन्हा खेळण्यापूर्वी किमान बारा दिवस थांबावे हा नियम एएफएलमध्ये २०२१ पासून अंमलात आहे. स्थानिक खेळात हीच मुदत पुढे एकवीस दिवसांची करण्यात आली.

अलीकडे मुखकवचात प्रवेगमापक बसवून डोक्यास बसणाऱ्या धक्क्यांची मोजदाद करण्याचा उपक्रम रूढ होत असून रग्बीच्या जागतिक संघटनेने वरच्या दर्जाच्या सामन्यांत त्याचा अवलंब २०२४ पासून केला आहे. वरचे दात कवटीशी घट्ट जोडलेले असल्याने शिरस्त्राणावरील यंत्रापेक्षा हे माप अधिक विश्वसनीय ठरते. असे कवच धक्क्याचा जोर सांगते. त्या धक्क्याने इजा झाली किंवा नाही, याचा निर्णय खेळाडूस मैदानाबाहेर घेऊन तपासणाऱ्या वैद्याकडेच राहतो.