सॉफ्टवेअर वितरणाचे स्वयंचलन
अनेक संगणकांवर सॉफ्टवेअर बसवणे, अद्ययावत करणे वा काढणे ही कामे स्क्रिप्टद्वारे एका केंद्रातून करण्याची पद्धत. उत्तर मध्य रेल्वेच्या झाशी विभागासारख्या लांबवर पसरलेल्या कार्यालयांत तिचे मोल कळते. प्रत्येक स्थानकावर माणूस धाडणे परवडत नाही. मार्क बर्जेस यांचे सीएफइंजिन (1993) हे आरंभीचे साधन. पॉवरशेल 2006 चे, अ‍ॅन्सिबल 2012 चे. विंडोजच्या एमएसआय संचात स्थापना प्रश्न न विचारता उरकता येते. स्थापनेअंती मिळणारा निर्गम संकेत 0 म्हणजे यश, 3010 म्हणजे यश, पण संगणक पुन्हा सुरू करणे आवश्यक. नवशिके 3010 ला अपयश समजू शकतात. उत्तम स्क्रिप्ट कितीदाही चालवली तरी परिणाम तोच राहतो. मात्र स्क्रिप्टमधील चूकही वेगाने सर्वत्र पोहोचते, म्हणून आधी मोजक्या यंत्रांवर चाचणी घेतात.