पंच, ताडी आणि हिरवा पेला

'पंच' हे पेय आपण विलायती मानतो. नावात मात्र आपलेच पाच दडले आहेत. १६७०च्या दशकात या किनाऱ्यावर वावरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर ते पाच जिनसांवरून पडल्याचे नोंदवतो. रूढ जिनसा अशा : दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. आपल्या किनाऱ्यावर ही दारू ताडीपासून गाळली जाई.

वसई-विरारला ताडी परकी नाही. पहाटे उतरवलेला ताजा रस ती नीरा. ऊन चढले की ताडी. गाळली की दारू. मडक्याला आतून चुना लावला की आंबणे लांबते. म्हणजे फरक झाडाचा नाही, चुन्याचा आणि वेळेचा. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही नीरा आणि ताडी निरनिराळ्या मानल्या.

म्हणून मी पाचाचा आकडा राखून दारूच्या जागी नीरा घेतो : सोबत पालक, पुदिना, लिंबू आणि राजेळी केळे. साखर नीरेतच असते. हे पंचाचे अनुकरण नव्हे, आंबण्यापूर्वीचे त्याचे मूळ आहे. मात्र ते टिकायचे, तर झाडावर चढणारा भंडारी आधी टिकला पाहिजे.