संविदाविधीचे अध्यापन
कायद्याने बजावणी करता येण्याजोगा करार म्हणजे संविदा. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, पक्षांची सक्षमता व मुक्त संमती ही तिची मूलतत्त्वे विधीच्या विद्यार्थ्याला बहुधा आरंभीच शिकविली जातात. ती नियमांवरून शिकावीत की निवाड्यांवरून, हा विधिशिक्षणातील जुना वाद आहे. निवाडापद्धतीचा प्रसिद्ध प्रयोगही प्रथम संविदेच्याच वर्गात झाला.

अमेरिकेतील हार्व्हर्ड विधी विद्यालयात १८७० पर्यंत पाठ्यपुस्तक व व्याख्यान हीच अध्यापनाची रूढ रीत होती. तेथील प्राध्यापक थिऑफिलस पार्सन्स यांचा संविदाविधीवरील ग्रंथ १८५३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अशा ग्रंथांतून नियम तयार स्वरूपातच हाती येत. ते कोणत्या कलहातून निघाले, हे विचारण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर क्वचितच येई. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल (१८२६–१९०६) यांनी १८७० साली ही रीत मोडली. विधी हे शास्त्र असून ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा होय, अशी त्यांची धारणा होती. संविदाविषयक निवाड्यांचा संग्रह त्यांनी १८७१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. वर्गात ते व्याख्यान देत नसत. एखाद्या विद्यार्थ्याला उभे करून वादाची हकीकत सांगावयास लावीत आणि मग प्रश्नामागून प्रश्न विचारीत.

त्यांच्या संग्रहातील पहिला निवाडा पेन विरुद्ध केव्ह (१७८९) हा होता. लिलावात ४० पौंडांची बोली करणाऱ्या इसमाने हातोडा पडण्यापूर्वीच ती मागे घेतली. बोली हा केवळ प्रस्ताव असून हातोडा पडणे ही त्याची स्वीकृती होय. म्हणून तोवर बोली मागे घेता येते, असे न्यायालयाने ठरविले. प्रस्तावाची व्याख्या न सांगताही ती विद्यार्थ्याला येथे सापडते. तथापि सुरुवातीला विद्यार्थी नाराज झाले आणि वर्गात मोजकेच उरले. त्यांच्यापैकी जेम्स बार एम्स हे पुढे त्याच विद्यालयाचे अधिष्ठाता झाले.

या पद्धतीची मर्यादा खुद्द लँगडेल यांच्याच लेखनात दिसते. ॲडम्स विरुद्ध लिंडसेल (१८१८) या वादात लोकर विकण्याचा प्रस्ताव चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा, ५ सप्टेंबर १८१७ रोजी पोहोचला. खरेदीदाराने त्याच दिवशी स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले. ते विक्रेत्यास ९ तारखेला मिळाले, पण ८ तारखेलाच त्याने लोकर दुसऱ्यास विकली होती. पत्र टाकताच संविदा झाली, असा निर्णय मिळाला. स्वीकृती प्रस्तावकास पोहोचलीच पाहिजे, असे लँगडेल यांचे म्हणणे होते. टपालाचा नियम न्याय्य व सोयीचा आहे, हा युक्तिवाद त्यांनी अप्रस्तुत ठरविला. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८८० मध्ये त्यांना विधीचे धर्मशास्त्री म्हटले, ते यामुळेच. निवाड्यांतून तत्त्व शोधू पाहणारे अध्यापक अखेर तत्त्वाच्याच आहारी गेले, असे म्हणावे लागते.

भारतातील वाट निराळी होती. मुंबईत विधिशिक्षणाची शासकीय संस्था १८५५ मध्ये सुरू झाली. पण संविदेचा संहिताबद्ध कायदा नंतर आला. भारतीय संविदा अधिनियम १ सप्टेंबर १८७२ रोजी, म्हणजे लँगडेल यांच्या संग्रहानंतर वर्षभरातच, अंमलात आला. त्यातील अनेक कलमांखाली ‘क’ व ‘ख’ या काल्पनिक व्यक्तींची उदाहरणे दिलेली आहेत. नियम आणि त्याचा पाठ एकाच पानावर मिळत असल्याने भारतीय विद्यार्थ्याला अधिनियमच पाठ्यपुस्तकासारखा ठरला. लोकरीच्या वादातील कोडे कलम ४ ने दोन्ही बाजूंनी सोडविले: टपालात पडलेली स्वीकृती प्रस्तावकाला लगेच बांधते, परंतु स्वीकारणाऱ्याला ती प्रस्तावकाच्या माहितीत आल्यावरच बांधते, तोवर कलम ५ प्रमाणे तो ती मागे घेऊ शकतो. इंग्लंडमधील नियमाहून हे वेगळे आहे.

मात्र कलमे व उदाहरणे मुखोद्गत असली, तरी भागत नाही. अज्ञान व्यक्ती संविदा करण्यास सक्षम नाही, हे कलम ११ वरून कळते. तिचा करार शून्य की शून्यनीय, हे १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या वादात तो शून्य ठरविला, तेव्हा निश्चित झाले.

याहून बोधप्रद वाद विदर्भातील खामगावशी संबंधित आहे. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी १९५९ मध्ये सरकीची पेंड खरेदी करण्याचा प्रस्ताव दूरध्वनीवरून केला व खामगावच्या गिरणीवाल्यांनी तो दूरध्वनीवरूनच स्वीकारला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादेत दावा लागला. संविदा खामगावी झाली असल्याने तेथील न्यायालयास अधिकार नाही, अशी हरकत प्रतिवादींनी घेतली. अधिनियमाच्या उदाहरणांत तार आहे, दूरध्वनी नाही; बेल यांना त्याचे एकस्व १८७६ मध्ये मिळाले. सर्वोच्च न्यायालयात १९६५ साली बहुमताने असे ठरले, की दूरध्वनीची कल्पना अधिनियमाच्या कर्त्यांना नव्हती. म्हणून स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे, अर्थात अहमदाबादेत, संविदा झाली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. कलम ४ चे शब्द जसेच्या तसे घेतले, तर उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही; तेव्हा संविदा खामगावीच पूर्ण झाली, असे त्यांनी मांडले. दावा अहमदाबादेतच चालला.