दारूखान्यापासूनचे अंतर

पिंपरी-चिंचवड परिसरात जागा घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या कानावर थोड्याच दिवसांत एक शब्द पडतो : 'रेड झोन'. जागेचा दलाल तो दबक्या आवाजात उच्चारतो, बँकेतला अधिकारी कागदपत्रे परत करताना उच्चारतो आणि निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांचे उमेदवार तो व्यासपीठावरून उच्चारतात. निगडी, यमुनानगर, रुपीनगर, तळवडे, किवळे या भागांतील हजारो कुटुंबांच्या लेखी या शब्दाचा अर्थ एवढाच, की बांधकामाला परवानगी नाही, कर्ज नाही आणि घर विकायला काढले तर भाव नाही. देहूरोडच्या लष्करी दारूगोळा कोठाराभोवती २,००० यार्डांची, म्हणजे सुमारे १,८३० मीटरची, एक मर्यादा संरक्षण खात्याने घालून दिली आहे. ही वस्ती त्या मर्यादेच्या आत येते.

ही मर्यादा कमी करावी, की पाळावी, की उठवावी, यावर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. परंतु ती मुळात कशासाठी असते, हा प्रश्न त्या वादात क्वचितच विचारला जातो. दारूगोळा हाताळणाऱ्या शिपायाला जे पहिले धडे देतात, त्यांत अंतराचा धडा असतोच. तो विलायतेतून आलेला आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो याच मुलखात, मराठीत, तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. त्याची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात चाकणपासून केली पाहिजे. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. इ.स. १६६०च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. तोफांनी काम होईना, तेव्हा मोगलांनी मोर्च्यांपासून कोटाच्या बुरुजाखालपर्यंत भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि ऑगस्टच्या मध्यास बत्ती दिली. बुरूज त्यावरील माणसांसह उडाला. फिरंगोजींच्या शौर्याची ही कथा शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण तिच्यात दारूच्या स्वभावाचाही एक पाठ आहे. उघड्यावर पसरलेली काळी दारू भसकन जळून जाते, तीच चहूबाजूंनी कोंडली की तिच्यापासून निघणाऱ्या वायूंना वाट उरत नाही आणि त्या दाबाने दगडी बुरूजही उचलला जातो. दुसरे असे, की भुयारात हवा कोंडलेली असूनही दारू पेटते. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिला बाहेरून घ्यावा लागत नाही, तो तिच्यातल्या सोऱ्यातच असतो. म्हणूनच लाकडाची आग झाकून विझते तशी दारूची विझत नाही. पेटल्यानंतर माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही. जे करायचे ते आधी करावे लागते.

हे 'आधी करायचे' काय, ते आज्ञापत्रात वाचायला मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेला, इ.स. १७१५च्या सुमाराचा हा ग्रंथ आपण बहुधा राजनीतीसाठी वाचतो. सावकार व टोपीकरांविषयीची किंवा आरमारासाठी झाडे तोडण्याविषयीची कलमे वारंवार उद्धृत होतात. दुर्गांच्या प्रकरणातील दारूखान्याचा मजकूर मात्र सहसा कोणी थांबून वाचत नाही. त्याचा आशय असा : दारूखाना घराजवळ नसावा आणि घराच्या वाऱ्याखाली तर नसावाच. सदरेपासून अंतरावर जागा पाहावी, भोवती झाडाझुडपांचे दाट कुंपण घालावे आणि त्याच्या आत मोकळे अंगण सोडावे. मध्ये मजबूत तळघर बांधावे, त्यात माच घालून त्यावर दारूची भांडी ठेवावीत आणि ओल येऊ देऊ नये. आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावा. पहारा रात्रंदिवस जागता असावा. परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये.

आजच्या स्फोटक भांडाराच्या नियमावलीशेजारी हा मजकूर ठेवला, तर कलमांमागून कलमे जुळत जातात. वस्तीपासून अंतर, भोवतालचा मोकळा पट्टा, जमिनीच्या आडोशाने अडवलेला स्फोट, फरशीपासून उचलून रचलेला माल, ओलीपासून संरक्षण, ठरावीक मुदतीने तपासणी, मोहोर, पहारा आणि प्रवेशबंदी. 'वाऱ्याखाली नसावा' हे तर केवळ निरीक्षणातून सुचणारे वाक्य आहे. घरात चूल असते, चुलीत ठिणगी असते आणि ठिणगी वाऱ्याच्या दिशेने जाते. सबंध मजकुराची भाषाही पाहण्यासारखी आहे. त्यात उपमा नाही, बोधवचन नाही. करावे, ठेवावे, येऊ न द्यावे, अशी विध्यर्थी क्रियापदे एकामागून एक येतात. ज्याने दारूखाना पाहिला आहे आणि उद्या तो दुसऱ्याच्या हाती जाणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे हे गद्य आहे.

हा उपदेश सर्वत्र पाळला गेला नाही. सिंहगडावर पुणे दरवाजातून वर गेले की दारूचे दगडी कोठार लागते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी या कोठारावर वीज पडली आणि झालेल्या स्फोटात गडावरील फडणिसांचे घर उद्ध्वस्त होऊन घरातील सर्व माणसे मृत्युमुखी पडली. विजेला उपाय नव्हता, हे खरे. बेंजामिन फ्रँकलिनचा पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग पुढच्या वर्षीचा, १७५२चा. इटलीतील ब्रेशा येथे १७६९ साली दारूच्या साठ्यावर वीज पडून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. त्यानंतर, १७७२ साली, इंग्लंडमधील पर्फ्लीटच्या दारूखान्याला वीजवाहक कसे बसवावेत हे ठरवण्यासाठी रॉयल सोसायटीने समिती नेमली, तीत खुद्द फ्रँकलिन होता. तेव्हा सिंहगडच्या कोठारावर वीज पडली, हा कोणाचा दोष नव्हता. परंतु वीज कोठारावर पडली आणि मेले ते शेजारच्या घरातले. या दोहोंमध्ये जे असायला हवे होते, ते आज्ञापत्राने छत्तीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते. ते म्हणजे अंतर.

इंग्रजी अमदानीत ही व्यवस्था कारखान्याच्या आणि कायद्याच्या रूपात आली. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. पुढे १९४० साली तेथेच उच्च स्फोटकांचा कारखाना उभा राहिला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी कोठारे वसली. स्वातंत्र्यानंतर शिक्षणही येथेच आले. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ साली रूरकीहून दापोडीला हलले आणि १९५२ साली खडकीत शस्त्रास्त्र अभ्यासाची संस्था निघाली, तीच पुढे गिरीनगरला गेली. ज्या चाकणच्या बुरुजाखाली सुरुंग उडाला, त्याच्या जवळच आज सैन्याचे अभियंते सुरुंग पेरण्याचे आणि निकामी करण्याचे शिक्षण घेतात.

या शिक्षणाचे प्राथमिक धडे ऐकायला साधे वाटतात. आगकाडी, विडी व यंत्रोपकरणे दरवाजावर ठेवून आत जावे. ठिणगी पाडणारे लोखंडी अवजार वापरू नये. पेटी ओढू नये, आपटू नये. कोणता माल केव्हा बनला, कोठून आला, याची नोंद त्याच्याबरोबर चालावी, कारण स्फोटकेही म्हातारी होतात आणि म्हातारपणी लहरी होतात. न फुटलेला गोळा दिसला तर त्याला हात न लावता जागा दाखवावी. मालाचे वर्गीकरणही शिकवतात. पेटला असता सगळा साठा एकदम उडेल तो माल १.१ या वर्गात, तुकडे फेकणारा १.२ मध्ये, मुख्यतः आगीचा धोका असणारा १.३ मध्ये, किरकोळ धोक्याचा १.४ मध्ये. कोणता माल कोणाशेजारी ठेवू नये, याची कोष्टके असतात. यांपैकी प्रत्येक नियमामागे कोठेतरी एक दुर्घटना उभी आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरलेल्या होत्या. कापूस धुमसू लागला, बंबवाले पाणी मारत राहिले आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज उडाले. शेकडो नागरिक आणि साठाहून अधिक अग्निशामक जवान गेले. आपण दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो, तो त्यांच्या स्मरणार्थ.

अंतराचे गणित आता पुरेसे नेमके झालेले आहे. साठा आठपट झाला, तर सारख्याच सुरक्षिततेसाठी अंतर दुप्पट ठेवावे लागते. ते साठ्याच्या घनमूळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सुरक्षित अंतर हे साठा किती आणि कोणत्या वर्गाचा यावर अवलंबून असते. मग २,००० यार्ड हा ठाम आकडा कोठून आला? १९०३च्या 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायद्यात २,०००, १,००० आणि ५०० यार्ड अशा तीन मर्यादा सांगितल्या आहेत आणि त्या मोजायच्या त्या बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून. भाषा किल्ल्याची आहे. संरक्षणस्थळाभोवतीची जमीन इमारती व अडथळ्यांपासून मोकळी राहावी, हा त्या कायद्याचा उद्देश. स्फोटशास्त्राचे घनमूळ आणि किल्ल्याचा तट, या दोन वेगळ्या परंपरा रेड झोनच्या रेषेत एकत्र आल्या आहेत. रहिवाशांनी त्या आकड्याचा आधार विचारणे यात म्हणूनच गैर काही नाही. मात्र आकड्याचा आधार विचारणे वेगळे आणि अंतरच नाकारणे वेगळे.

अंतर का नाकारता येत नाही, हे विदर्भातील पुलगावने दाखवले आहे. तेथील केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६च्या पहाटे आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह १६ जण गेल्याचे तेव्हा जाहीर झाले, पुढे हा आकडा वाढला. सदोष सुरुंगांतून पाझरलेले टीएनटी हे कारण समोर आले. म्हणजे शत्रू नव्हता, वीज नव्हती. जुना झालेला माल होता. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तेथूनच जवळ, निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत रोजंदारीवर आलेले मजूर होते. देहूरोडला असे घडेल असे कोणी म्हणू नये. पण घडणारच नाही, असे जगातले कोणतेही कोठार म्हणू शकत नाही. अंतर हे त्या अनिश्चिततेचे मोल आहे.

आणि ते मोल कोण देते, हा खरा प्रश्न आहे. कोठारे आली तेव्हा भोवती माळ आणि शेते होती. १९५४ नंतर पिंपरीत कारखाने उभे राहू लागले, १९७० साली नगरपालिका, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ साली महापालिका झाली. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसे आली. ज्यांच्या घामावर ही नगरी उभी राहिली, त्यांना परवडेल अशी जागा तेथेच मिळाली, जेथे मिळायला नको होती. त्यांनी गुंठा-अर्धा गुंठा घेतला तेव्हा नकाशावरची ती रेषा त्यांना कोणी समजावून सांगितली नाही. ज्यांना सांगायचे होते त्यांनी पाणी दिले, वीज दिली, मिळकतकर घेतला. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर ही मर्यादा पडली, त्याला भरपाई देण्याची तरतूद १९०३च्या कायद्यातच आहे. अंतर राखणे हे राज्याचे कर्तव्य असेल, तर त्याची किंमतही राज्याने मोजावी; ती सर्वांत दुबळ्या माणसाच्या घरावर लादू नये.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागली. सहा जणी त्याच दिवशी गेल्या आणि पुढच्या दिवसांत रुग्णालयात आणखी काही जणी. या आगीचा लष्कराशी काही संबंध नव्हता. पण दारू तीच होती, आपला प्राणवायू आपल्याबरोबर बाळगणारी. ती हाताळणाऱ्या बायकांना अंतराचा, साठ्याचा, बाहेर पडायच्या वाटेचा पाठ कोणीही दिलेला नव्हता. ज्या परिसरात स्फोटकांचे ज्ञान देणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्था आहेत, त्याच परिसरातील ही गोष्ट आहे. ज्ञान तारेच्या कुंपणाच्या आत राहिले आणि दारू मात्र बाहेर आली.

अमात्यांनी दारूखान्याभोवती कुंपण सांगितले होते, ते माणसांना दूर ठेवण्यासाठी. ते का घालायचे हे त्यांनी लपवले नाही, लिहून ठेवले. तेही हवालदाराला कळेल अशा भाषेत. रेड झोनची रेषा कोठे असावी हे न्यायालये आणि मोजणीदार ठरवतील. ती का आहे, हे रुपीनगरच्या शाळेतील मुलाला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम मात्र अजून कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही.